उपरण्याखालचा अभिप्राय

११ जानेवारी १९४९. आज लिंबाचं लोणचं बरण्यांत भरलं. तीन बरण्या झाल्या. तोंडाला दादरे बांधायला जुनं स्वच्छ कापड हवं होतं म्हणून ट्रंक उघडली, तर तळाशी मास्तरांचं उपरणं निघालं. एके काळी ते पांढरं होतं. एका बाजूला लाल शाईचे डाग आहेत, दुसऱ्या बाजूला निळ्या. मध्ये कसला तरी तेलकट डाग आहे, तो बहुधा बैलाचा.

कापड मजबूत आहे, दादऱ्याला चांगलं. पण कात्री लावायच्या आधी जरा थांबले, कारण माझी शाळा राहणार की जाणार हे ह्याच उपरण्याखाली ठरलं होतं. शिवाय टेबलावर दहा दिवस एक लेख पडून आहे. शिक्षकांच्या एका मासिकाने तो माझ्या अभिप्रायासाठी पाठवला आहे. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं आहे, पण शाळा वैशाखरे गावची हे पहिल्याच ओळीत कळतं. वाड्यापाड्यांवरच्या मुलांना पहिले दोन महिने त्यांच्या घरच्या बोलीत शिकवलं तर ती शाळा सोडत नाहीत, असं लेखकाचं म्हणणं. मी दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत : ‘कल्पना स्तुत्य आहे. व्यवहारात उतरणे कठीण.’ तेवढंच पाकिटात घालून पाठवायचं राहिलं आहे. मास्तर असते तर त्यांनी विचारलं असतं, ‘हरकत?’

‘हरकत?’ हा त्यांचा शब्द. कुठलंही वाक्य बोलून झालं की मास्तर थांबायचे, चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहायचे आणि विचारायचे, ‘हरकत?’ कुणी काही बोललं नाही तर त्यांना करमत नसे. मग ते स्वतःच हरकत घ्यायचे आणि स्वतःलाच उत्तर द्यायचे. मुरबाडच्या मुलांच्या शाळेचे ते हेडमास्तर. मूळचे शहापूरचे. त्यामुळे मुरबाडात त्यांना शहापूरचे समजत आणि शहापुरात मुरबाडचे. माझी मुलींची शाळा त्यांच्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत होती. ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, ट्रेनिंग पास होऊन आलेली, आणि त्या शाळेत हेडमिस्ट्रेस, असिस्टंट आणि घंटा वाजवणारी, सगळं मीच.

मास्तरांचं दुसरं आवडतं वाक्य होतं : ‘आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून देवाने शेजारी दिले.’ घरात ते हे अक्षरशः पाळायचे. आमटी झाली की पहिला अभिप्राय ते देत, दुसरा शेजारच्या काकूंचा, आणि दोघांचं जमलं नाही तर वाटी घेऊन समोरच्या दुकानात. त्यांची बायको आम्हांला सांगायची, ‘अहो, तिसरा अभिप्राय येईस्तोवर आमटी गार होते. मग गार आमटीवर चौथा अभिप्राय.’

ह्या गृहस्थांना वाटलं, तालुक्यातल्या शिकलेल्या माणसांनी नुसत्या गप्पा मारू नयेत. अभ्यास करावा, लिहावं, आणि लिहिलेलं दुसऱ्या जाणत्यांनी तपासल्याशिवाय छापू नये. म्हणून त्यांनी त्रैमासिक काढलं. मुरबाड आणि शहापूर ह्या दोन तालुक्यांतले मास्तर, वैद्य, तलाठी असे लोक त्यात लिहीत. छपाई कल्याणला व्हायची. अंकाला नाव इतकं लांब दिलं होतं की मुखपृष्ठावर दुसरं काही मावत नसे.

पहिल्या वर्षी लेखावर लेखकाचं नाव असे आणि परीक्षकालाही ते दिसे. त्यात काय झालं ते सांगायला नको. मुरबाडचा लेख शहापूरला गेला की तिकडचे हेडमास्तर शेरा मारत : ‘लेख बरा आहे, पण लेखक मुरबाडचा वाटतो.’ शहापूरचा लेख इकडे आला की आमचे वैद्य लिहीत : ‘रेल्वे जवळ असल्याचा गर्व ओळीओळीत दिसतो.’ तो लेख गांडुळांवर होता. आणि लेखक परीक्षकाचा नातलग निघाला तर मग विचारूच नका. एका तलाठ्याने मेहुण्याचा लेख, एक शब्द न वाचता, उत्तम ठरवला. मास्तर त्याला जाब विचारायला गेले, तर तो म्हणाला, ‘मास्तर, नाकारला असता तर दिवाळीला पाट कुठे मांडला असता माझा?’

मास्तर चार दिवस विचारात होते. पाचव्या दिवशी ते शहापूरला एका लग्नाला गेले. मीही गेले होते. भटजींनी अंतरपाट धरला, नवरा एकीकडे, नवरी दुसरीकडे, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मास्तर एकदम मोठ्याने म्हणाले, ‘सापडलं!’

मंगलाष्टकं थांबली. नवऱ्याच्या बापाला वाटलं, मुलीत काहीतरी खोट सापडली. तो उठून उभा राहिला. मास्तर त्याला म्हणाले, ‘बसा, बसा. तुमचं चालू द्या. आमचं लेखाचं आहे.’

त्यांची अंतरपाट पद्धत अशी : लेखक कोण ते परीक्षकाला कळायचं नाही, परीक्षक कोण ते लेखकाला कळायचं नाही. छापायची वेळ आली म्हणजे अंतरपाट काढायचा. लेखकाने लेख माझ्या शाळेतल्या पेटीत टाकायचा. नाव वेगळ्या पाकिटात, पाकिटाला लाख, पाकीट मास्तरांच्या ट्रंकेत. कल्पनेत काही चूक नव्हती. फक्त एवढंच की दोन तालुक्यांत लिहिणारी माणसं तीस, आणि प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ओळखीचं. शहापूरचे हेडमास्तर तर टपालावरचा पत्ता पाहून सांगत की लिहिणाऱ्याने आज चहा घेतला होता की नाही.

‘यावर उपाय सोपा आहे,’ मास्तर मला म्हणाले. ‘सगळे लेख तुम्ही स्वतःच्या हाताने उतरून काढा. अभिप्रायसुद्धा. म्हणजे अक्षर एकच. हरकत?’

मी हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही.

सहा महिन्यांत शहापूरभर माझं नाव झालं. माझं अक्षर तिकडे माहीत होतं, कारण शाळेचे कागद मीच पाठवायची. तेव्हा तिकडच्या परीक्षकांनी सरळ हिशेब केला की हे सगळे लेख बाईच लिहितात. बैलांच्या खुरांचे रोग, माहुलीच्या किल्ल्यावरची टाकी, मोडीतले दस्तऐवज, सगळं माझं. आमच्या तालीममास्तरांनी ‘लंगोट बांधण्याच्या तीन रीती’ असा लेख टाकला होता. त्यावर शहापूरहून अभिप्राय आला : ‘विषयाचा अभ्यास दांडगा आहे. तथापि बाईमाणसाने इतक्या खोलात जाऊ नये.’

हा अभिप्रायही मलाच उतरून काढावा लागला. पुढच्या आठवड्यात माझा मोठा भाऊ कल्याणहून आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी खाली बघत म्हणाला, ‘लंगोटाचं काय आहे म्हणे?’

मी मास्तरांना जाऊन सांगितलं की हे बंद करा. ते म्हणाले, ‘बाई, शास्त्राला थोडा त्रास द्यावाच लागतो.’ मी म्हटलं, ‘मग तो शास्त्राने सोसावा.’ त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि अभिप्रायासाठी पाठवलं.

त्या पौषात मास्तर मुरबाडजवळच्या म्हसा गावी जत्रेला गेले. जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. घेणारा आणि दलाल हातात हात घेतात, वर कापड टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. चेहरा दोघांचा दगडासारखा. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मास्तरांनी हे आयुष्यात दहा वेळा पाहिलं असेल. ह्या वेळी मात्र त्यांना त्यात त्रैमासिक दिसलं. त्यांनी एका म्हाताऱ्या दलालाला गाठलं आणि म्हणाले, ‘मला ही रीत शिकवा.’ त्यांनी आपलं उपरणं काढलं, दलालाचा हात धरला, वर उपरणं टाकलं, आणि बोटं कशी लागतात ते बघायला दाबून पाहिली.

दलालाने मान डोलावली, हात सोडला आणि एका बैलाचं दावं मास्तरांच्या हातात दिलं.

‘अहो, मी शिकत होतो!’ मास्तर म्हणाले.

‘शिका की. पन हात दिलात ना? दिल्ला हात मागं नाय येत, मास्तर.’

बैलाचं एक शिंग आभाळाकडे होतं आणि एक जमिनीकडे. मास्तर त्याला घेऊन म्हशाहून मुरबाडला चालत आले. बायको दारात उभी. ती म्हणाली, ‘पाठ दिसत नाही, पाठ दिसत नाही म्हणता. आता हे शेपूट तरी दिसतंय का?’

गावाने त्या बैलाचं नाव ‘अभिप्राय’ ठेवलं. पुढे त्याला गाडीला जुंपून लेखांची थैली शहापूरला पाठवायला लागले. एकदा वाटेत गाडीवान झोपला आणि अभिप्रायने मोडी दस्तऐवजांवरचा लेख थैलीसकट खाल्ला. मास्तरांनी नोंदवहीत लिहिलं : ‘परीक्षक क्रमांक तीन यांस लेख पचला.’ वैद्यांनी खाली पुस्ती जोडली : ‘शेरा दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला.’

असो. उपरण्याची पद्धत सुरू झाली. आता दोन परीक्षक लेखी अभिप्राय देणार, आणि त्यांचं जुळलं नाही तर तिसरा परीक्षक मास्तरांच्या हातात हात देऊन, वर उपरणं टाकून, बोटांनी निकाल सांगणार. पाच बोटं म्हणजे जसाच्या तसा छापा. एक बोट म्हणजे परत करा. मधली बोटं म्हणजे तितकी दुरुस्ती. तिसरा परीक्षक मुरबाड गावचा नको, शहापूर गावचा नको आणि शिक्षकही नको, असा नियम केला. असा माणूस शोधता शोधता मास्तर पुन्हा त्या म्हाताऱ्या दलालाकडे पोचले. तो म्हशाचा.

मी म्हटलं, ‘अहो, त्यांना वाचता येत नाही.’

‘तेच तर!’ मास्तर म्हणाले. ‘ज्याला अक्षर येत नाही तो अक्षर ओळखणार कसा? यापरता निःपक्षपात कोणता? हरकत?’

ह्या वेळी मी हरकत घेतली. त्यांनी ती नोंदवून ठेवली आणि दलालाला निरोप धाडला.

आता माझं सांगते. पुढच्या ज्येष्ठात दिपोटी, म्हणजे शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासायला आले. माझ्या पटावर चौतीस मुली, पण गेल्या पावसाळ्यात हजेरी कधी नऊ, कधी सात. कारण साधं होतं. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताच्या लावणीला, आया शेतात जातात आणि घरातलं तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर येतं. मुलगी शाळेत कशी येणार? दिपोटी म्हणाले, ‘बाई, यंदाही हजेरी अशीच राहिली तर तुमची शाळा मुलांच्या शाळेत मिसळून टाकू.’ मिसळली की काय होणार ते मला माहीत होतं. चौतीसपैकी तीस मुली दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार. मुलांच्या वर्गात पाठवायला कुणी तयार नव्हतं.

मी दिपोटींना म्हटलं, ‘मुलीला भावंड घेऊन शाळेत येऊ द्या. मागच्या खोलीत झोळ्या बांधू. हजेरी भरेल.’ ते म्हणाले, ‘हे तुमचं गाऱ्हाणं झालं. मी वर काय लिहू, एका बाईचं गाऱ्हाणं म्हणून? तुमच्या हेडमास्तरांच्या त्रैमासिकात असं काही तपासून छापून आलं तर जोडता येईल मला कागदाला.’

तेव्हा मी लेख लिहिला. हजेरीपट, वाड्यांची नावं, कुठल्या मुलीकडे किती महिन्यांचं भावंड, सगळं. लिहिताना मुद्दाम पुरुषी थाट ठेवला. ‘आमच्या अनुभवास असे आले आहे की’ वगैरे. नाव पाकिटात घातलं, लाख लावली, लेख स्वतःच्या शाळेतल्या पेटीत टाकला, स्वतःच पेटी उघडली, आणि नियम म्हणून तो पुन्हा एकदा उतरून काढला. सगळेच लेख माझ्या अक्षरात असल्याने माझा लेख कुठला हे जगात एका मलाच ठाऊक होतं.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिले परीक्षक निघाले शहापूरचे हेडमास्तर, दुसरे खुद्द मास्तर.

शहापूरचा अभिप्राय आधी आला. ‘अखेर बाईंनी स्वतःच्या विषयावर लिहिले. देव पावला. छापावा.’ चुकीच्या कारणाने का होईना, एक मत पडलं.

मग मास्तरांचा अभिप्राय. लाल शाईत. ‘लेखकास मुलींच्या शाळेची यत्किंचितही माहिती नाही. बायकांच्या जगापासून दूर, खुर्चीत बसून लिहिणारा हा कोणी पुरुष असावा. शाळेत तान्ही मुले आणावी ही कल्पना ज्याने कधी तान्हे मूल कडेवर घेतले नाही त्यालाच सुचणार. त्याने एकदा आमच्या मुलींच्या शाळेच्या बाईंना भेटावे. नापसंत.’

मला हे चांगल्या अक्षरात उतरून काढावं लागलं. मग नियमाप्रमाणे लेखकाला टपालाने कळवायचं होतं. ते मी मला कळवलं आणि पोहोच दिली. लेखकाला उत्तर द्यायचा हक्क होता. तो मी बजावला. निळ्या शाईत लिहिलं : ‘लेखक बाईंना भेटला. बाई लेखकाशी पूर्ण सहमत आहेत.’

त्यावर मास्तरांचा लाल शेरा आला : ‘बाई भिडस्त आहेत.’

मी त्या दिवशी मुलींना पाढे म्हणायला लावून मागच्या खोलीत जाऊन बसले. हसू येत होतं आणि रागही. खरं सांगून टाकावं तर मास्तरांच्या नियमाप्रमाणे ओळख दिलेला लेख बाद. गप्प राहावं तर शाळा त्या म्हाताऱ्या दलालाच्या हातात, म्हणजे शब्दशः हातात. मी गप्प राहिले.

दलाल आला तेव्हा आवणी ऐन भरात होती. डोक्यावर घोंगडं, हातात काठी. मास्तरांनी त्याला ओटीवर बसवलं आणि मला लेख वाचून दाखवायला सांगितलं. मी अर्धं पान वाचलं. त्याने हात वर केला.

‘बाई, थांबा. ह्या कागदात पोरी हायत म्हनता?’

‘आहेत.’

‘कुठं हायत?’

‘वाड्यांवर. शेतावर.’

‘मंग त्या दाखवा. आमी जनावर बघल्याबिगर हात देत नाय. तोंड उघडल्याबिगर दात कसं सांगनार?’

मास्तर म्हणाले, ‘अहो, परीक्षकाने फक्त लेख वाचायचा असतो.’

‘तुमी वाचा. मना कुठं येतंय?’ असं म्हणून तो उठला. मी त्याला गैरहजर मुलींची नावं तोंडपाठ करवली. पंचवीस नावं त्याने एकदा ऐकून धरली. तीनशे बैलांचे रंग लक्षात ठेवणारा माणूस तो. आणि गेला.

तीन दिवस तो वाड्यांवर फिरत होता. मला हकिकत मुलींकडूनच कळली. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारत जायचा, ‘अमकीची पोर कंची गो?’ एका मुलीला वाटलं, शाळेने पकडायला माणूस धाडला. ‘आये गो, बाईनी मानूस धाडला!’ म्हणून ती धाकट्या भावासकट पावसाच्या इरल्याखाली जाऊन बसली. हा इरल्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘पलू नको गो बाय. नुसता बघाया आलोय. पोर किती म्हयन्याचा?’ इरल्यातून आवाज आला, ‘आठ.’ ‘दात आलं?’ ‘दोन.’ ‘बरं,’ म्हणाला आणि पुढच्या बांधाला गेला.

चौथ्या दिवशी निकाल. दिपोटी मुरबाडला आले होते, त्यांनाही मास्तरांनी बोलावलं. शहापूरचे हेडमास्तर आले, वैद्य आले, तालीममास्तर आले. ओटीवर जागा राहिली नाही. बाहेर अभिप्राय बांधला होता, तोही खिडकीतून बघत होता. मास्तरांनी हात पुढे केला. दलालाने धरला. मास्तरांनी उपरणं टाकलं.

दोघांचे चेहरे दगड. मी भिंतीला टेकून उभी होते. चौतीस मुलींची शाळा त्या फडक्याखाली होती आणि वरून फक्त शाईचे डाग दिसत होते.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. ‘पुन्हा दाबा,’ ते म्हणाले.

दलालाने पुन्हा दाबलं.

‘हे दहा होतात.’

‘धाच.’

‘अहो, पाचापैकी दहा कसे देता?’

‘मास्तर,’ दलाल म्हणाला, ‘पोरगी एकली नाय. पंचवीस नावं दिलीत, पंचवीस बघितली. पंचवीसचे कडंला पोर. ही जोडी हाय. जोडीला एकल्याचा भाव कुनी सांगतो काय? एकाचं पाच, जोडीचं धा. एक तोडून दुसरं घ्याल तर दोनी जनावरं वाया.’

मग दिपोटी हसायला लागले. हसता हसता त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. काय लिहिलं ते त्यांनी मोठ्याने वाचलंही : ‘भावंडासह आलेली मुलगी, हजर धरावी. वर शिफारस करतो.’

मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं. ‘हरकत?’

कुणाची नव्हती. शहापूरच्या हेडमास्तरांचीसुद्धा नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवते.

मग अंतरपाट काढायची वेळ आली. मास्तरांनी ट्रंकेतून पाकीट आणलं, लाख फोडली, चष्मा सारखा केला आणि नाव वाचलं. मनातच वाचलं. माझ्याकडे पाहिलं. परत कागदाकडे पाहिलं. मग लाल शाईतला आपला अभिप्राय काढला, तो अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि अगदी हळू विचारलं, ‘बाई, हरकत?’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘मी भिडस्त नाही.’

शहापूरच्या हेडमास्तरांनी विचारलं, ‘काय झालं? लेख बाईंचाच ना? मी तर पहिल्यापासून म्हणतोय, सगळेच बाईंचे आहेत.’

पुढच्या अंकात माझा लेख आला आणि त्याच्याखाली, एक शब्द न गाळता, त्यांचा नापसंतीचा अभिप्राय. त्याखाली त्यांची पूर्ण सही, हुद्द्यासकट. त्याखाली ओळ : ‘परीक्षक जाऊन पाहण्यास विसरला.’ आणि मागच्या पानावर नवे नियम, दोनच. परीक्षकाने जिथली गोष्ट आहे तिथे जाऊन पाहावे. अभिप्रायाखाली सही करावी. मला ते म्हणाले, ‘नाव झाकलं की हात मोकळा सुटतो, बाई. लेखकाचं झाका. परीक्षकाचं झाकू नका.’

पद्धत उत्तम होती, पण त्रैमासिक त्या पद्धतीनेच संपलं. जायचं म्हटल्यावर निम्मे परीक्षक गळाले, सही म्हटल्यावर उरलेले. वैद्य म्हणाले, ‘मास्तर, मला ह्याच गावात औषध विकायचंय.’ शेवटचा अंक आठ पानांचा निघाला, त्यात चार पानं नियम होते. पुढे लढाईत कागद मिळेनासा झाला आणि मास्तरांनी सगळा दोष कागदावर टाकला.

माझी शाळा मात्र राहिली. आज पटावर सत्तर मुली आहेत. आवणीच्या दिवसांत अजूनही आमच्या हजेरीपटात काही नावांपुढे ‘जो.’ लिहितात. नव्या असिस्टंट बाईंनी विचारलं की हे काय, तेव्हा मी सांगितलं, ‘जोडी.’ त्यांना वाटलं, सरकारी शब्द असेल.

मास्तर पेन्शनीत निघून शहापूरला गेले. सामान बांधताना त्यांच्या बायकोने हे उपरणं माझ्या अंगावर टाकलं. ‘न्या हो बाई. कितीदा धुतलं तरी ह्यातनं लेखच निघतात.’ बैल त्यांनी बरोबर नेला.

दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. मी दहाव्याला शहापूरला गेले होते. पिंड ठेवला आणि कावळा येईना. एक आला, पिंडाभोवती फिरला, मान तिरकी करून पाहिलं आणि उडून गेला. मुलगा हात जोडून उभा. कुणी म्हणालं, अंक काढू म्हणावं. कुणी म्हणालं, बैलाला सांभाळू म्हणावं. सगळं म्हणून झालं. मास्तरांची बायको बसल्या जागेवरून म्हणाली, ‘एकाच्या अभिप्रायावर त्यांनी कधी काही ठरवलंय का? दुसरा येऊ दे.’

थोड्या वेळाने दुसरा आला. त्याने भात घेतला आणि वडा ठेवला. शहापूरचे हेडमास्तर माझ्या शेजारी उभे होते. ते पुटपुटले, ‘दुरुस्तीसह स्वीकृत.’ आम्ही दोघांनी तोंडावर पदर आणि रुमाल धरले. लोकांना वाटलं, रडतात.

हे सगळं आठवत बसण्यात तास गेला आणि बरण्या उघड्याच राहिल्या.

१२ जानेवारी. आज सकाळी उपरण्याचे तीन तुकडे केले आणि तिन्ही बरण्यांना दादरे बांधले. लाल डागांचा तुकडा मोठ्या बरणीला गेला. टेबलावरच्या लेखावर लिहिलेली माझी दोन वाक्यं खोडली. शाळेच्या किल्ल्या असिस्टंट बाईंकडे दिल्या आणि मोटारीच्या अड्ड्यावर गेले. जत्रेची गर्दी होती. कंडक्टर माझ्याच शाळेतल्या एका जोडीतला, कडेवरचा.

‘चला बाई, म्हसा, म्हसा! बसा पुढं.’

‘म्हशाला नाही रे. वैशाखऱ्याची गाडी कुठली?’

‘जत्रा सोडून वैशाखऱ्याला? तिथं काय हाय?’

‘जनावर बघायचंय,’ मी म्हटलं आणि मागच्या गाडीत जाऊन बसले.